आडवी चीर

मागच्या गॅरेजात, गवताच्या दाबलेल्या गठ्ठ्यांसमोर
रेइनोनं लाकडी चौकट उभी केली,
तिच्यात गेल्या आठवड्याचा पेपर ताणून चिकटवला.
निधनवार्तांची बाजू मागे, तेवढा त्याचा संकेत.
आमच्याकडे हवामान:
लेक सुपीरियर, लाटा सहा फूट, वारा वायव्येचा.

'नेम धरू नकोस,' तो म्हणाला. 'नुसता सोड.'

चार पावलांवरून सोडला.
टोकाचं गोल भोक, आणि त्याच्या वर दोन बोटं,
जरा डावीकडे सरकून, पिसांच्या तीन चिरा.
म्हणजे बाण नाकासमोर गेलाच नव्हता.
शेपूट उचलून गेला, कूस वळवत,
उशीर झालेला माणूस
चालता चालता कोटाची एक बाही घालतो तसा.

महिनाभर मी हेच बघत होते.
वीस यार्डांवर बरा, चाळीसवर हेलकावे,
आणि रुतायचा तो तिरका.
बाण बदलले. जड टोकं घेतली, मग हलकी.
दीडशे डॉलर मोजून नवा रेस्ट बसवला.
धनुष्याला शिव्या घातल्या, आधी इंग्लिशमध्ये,
मग आईच्या फिनिशमध्ये, ज्या जास्त लांब पोचतात.

खाण बंद पडल्यापासून रेइनो फारसं बोलत नाही.
धनुष्यं ऐकतो, असं गाव म्हणतं.
मला दिसलं ते इतकंच:
पायाला मारायच्या पावडरचा डबा काढून
त्यानं पिसांवर फवारा मारला.
'आता सोड.'
रेस्टच्या पंजावर पांढरा ओरखडा.
'पंजा वेळेवर खाली पडत नाही. पिसं घासून जातात.'
दोरीची गाठ सोडली, तिळभर ताणून पुन्हा बांधली.
मग धनुष्य प्रेसमध्ये घेतलं,
हाडवैद्य गुडघा धरतो तसं,
आणि एका केबलला अर्धा पीळ.
वरचं चाक खालच्याची वाट बघत होतं म्हणे.
आता दोघं एकदम थांबतील.

पेपर बदलला. क्रीडापान. सोडला.
उंचीची चीर मिटली.
आडवी राहिली. तेवढीच. आडमुठी.

रेस्ट केसभर इकडे. तीच.
केसभर तिकडे. तीच.
रेइनोनं धनुष्य स्वतः हातात घेतलं, एक सोडला:
एकच भोक, भोवती तीन बारीक रेषा, बस्स.

मला राग आला. खरं तर लाज.
तो माझ्या डाव्या मुठीकडे बघत होता.
पेरं पांढरी पडलेली.
'सायमा, काय धरून बसलीयेस?'

बस. शाळेची बस, अकरा हिवाळे,
घाटाच्या गोठलेल्या उतारावर, मागे बत्तीस पोरं.
स्टिअरिंग ढिलं पडलं की मागचं चाक घसरतं
हे हाताला ठाऊक आहे,
तो मला विचारत बसत नाही.
यातलं काही बोलले नाही. 'सवय,' म्हटलं.

'पोरं रस्ता ओलांडताना त्यांना थांब म्हणतेस ना?
हात कसा करतेस?'
मी तळवा पुढे केला.
'तस्साच ठेव. अंगठ्याच्या उशीवर टेकव. बोटं विसर.
पडत नाही ते. मनगटाला पट्टा आहे की.'

विसरायला चौदा बाण लागले.
पंधराव्याला धनुष्य आपल्याच वजनानं पुढे झुकलं,
पट्ट्यात लोंबकळलं,
आणि माझा हात हवेत तसाच,
कुणाला थांबवतोय ते न कळून.

कागदावर गोल भोक.
डावीकडे अजून नखभर फाटलेलं.
'आणि हे?'
'जाईल ऑक्टोबरपर्यंत,' कॉफी ओतत तो म्हणाला.
'नाही गेलं तर हरणाला कळत नाही.'
पैसे घेतले नाहीत. मांसाच्या दोन पॅस्ट्या मात्र घेतल्या,
एक तिथंच खाल्ली, प्रेसला टेकून.

सोमवारी पहाटे रस्त्यावर काळं बर्फ होतं.
स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं.
तिथं तेच बरोबर.